भाऊसाहेबांनी दिलेला डाग

मी सतराव्या वर्षी घरातून पळून गेलो होतो आणि चार महिने एका हॉटेलात भांडी घासत होतो, हे मला पहिल्यांदा कळलं ते अठ्ठाविसाव्या वर्षी. तेही आईच्या फोनवरून. मी कंपनीच्या लॅबमध्ये उभा, हातात पिपेट, आणि आई दापोलीकडच्या आमच्या गावातून विचारतेय, "तू कधी रे पळालास? पोलादपूरच्या माणसांचा फोन आलेला. मी म्हटलं, माझा पोरगा शाळेच्या सहलीला निघाला तरी एस्टीत रडत बसायचा, तो कसला पळतोय. पण ते म्हणतात, तुझ्या घरमालकानंच सांगितलान."

पोलादपूरची माणसं म्हणजे मुलीकडची माणसं. माझं लग्न ठरायच्या बेतात होतं आणि आमच्या घरमालकांनी, ज्यांना मी चार दिवसांपूर्वी "चौकशीला आले तर जरा चांगलं सांगा" अशी हात जोडून विनंती केली होती, त्यांनी मला घरातून पळवला होता.

या माणसाबद्दल मला आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा खडूस असेल किंवा भाड्यावरून वाकडं आलं असेल. तसं काही नव्हतं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तीस-पस्तीस वर्षं तलाठी म्हणून काढून ते बिरवाडीत घर बांधून राहिले होते. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन ठाण्याला. खाली ते एकटे, वरच्या खोलीत मी. मी तिथल्याच एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. तीन वर्षं राहिलो, आणि तीन वर्षांत त्या माणसाने मला इतक्या वेळा हबकवलं की शेवटी शेवटी मला जिन्यावर त्यांची चप्पल वाजली तरी छातीत धस्स व्हायचं.

पहिला धक्का खोली बघायला गेलो त्याच दिवशी. माणूस अंगात पांढरा इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. घरात असो, बाजारात असो, उकाड्याने जीव जात असो, शर्ट तोच. मी डिपॉझिट किती विचारलं. त्यांनी त्याचं उत्तर दिलंच नाही. म्हणाले, "ते होईल. आधीचं काय?"

"आधीचं म्हणजे?"

"आधी कुठे होतात, काय करत होतात, तिथून का निघालात."

मी आधीच्या कंपनीचं नाव सांगितलं. पगार कमी होता म्हणून सोडली, असं सांगितलं. त्यांनी खिशातून काळं पेन काढलं आणि वहीत लिहून घेतलं. त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं असत. डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या शाईत लिहायचं, ऐकलेलं काळ्या, असा त्यांचा नोकरीपासूनचा नेम. आमच्या पगाराचं काळ्यात गेलं. मग सामान आलं तेव्हा त्यांनी शेजारच्या किराणावाल्याला बोलावून त्याचा रीतसर पंचनामा केला. एक गादी, मध्यभागी चहाचा डाग अंदाजे चार बोटं. एक बादली, कडी तुटलेली. हे निळ्यात. किराणावाल्याने निमूट सही ठोकली, कारण त्याने अशा सह्या आधी बऱ्याच केल्या होत्या. मी मात्र आ वासून बघत राहिलो.

"आधीचं काय?" हा त्यांचा श्वासच होता म्हणा ना. भाजीवालीला विचारायचे, ही वांगी कुठून आली, तोडली कधी, टोपलीत आधी काय होतं. ती बापडी म्हणायची, "भाऊसायब, वांगी घ्यायची हायत का वांग्यांशी सोयरीक करायची हाय?" एकदा शेजारी बारसं होतं. सगळे बाळाला बघून नाक कोणासारखं, कान कोणासारखे करत होते. भाऊसाहेबांनी पाळण्यात वाकून बघितलं आणि सरळ म्हणाले, "याचं आधीचं काहीच नाही. याच्याशी काय बोलायचं?" बाळाच्या आजीचा चेहरा असा झाला की मी पेढा न घेताच तिथून सटकलो.

आता त्या खेळाकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथून झाला.

मला लॅपटॉपवर खेळायची सवय. तलवारी, जादू, ड्रॅगन, लांब कानांची माणसं, असले ते खेळ. रविवारी दुपारी मी नवा डाव मांडत होतो आणि भाऊसाहेब वर आले. टाकी वाहतेय, मोटर बंद करा, एवढं सांगायला आले होते. त्यांची नजर स्क्रीनवर पडली आणि ते तिथेच थबकले. स्क्रीनवर बारा चौकटी होत्या. त्या खेळात सुरुवातीला आपलं पात्र घडवायचं असतं. नाव, चेहरा, हत्यार, आणि मग त्याचं पूर्वायुष्य. बारा पूर्वायुष्यांतून एक निवडायचं. राज्य गेलेला राजपुत्र, देवळात वाढलेला अनाथ, सैन्यातून हाकललेला शिपाई, घरातून पळालेला, वगैरे. प्रत्येकाबरोबर एक देणगी मिळते आणि एक डाग. देणगी घेतली तर डाग घ्यावाच लागतो, त्याशिवाय पुढचं बटण उघडत नाही.

भाऊसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि बाराच्या बारा चौकटी बोट ठेवून वाचल्या. खाली टाकी वाहत होती ती वाहत होती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा खेळ काढणारा माणूस महसूल खात्यात असला पाहिजे."

त्या दिवसापासून दर रविवारी जेवण झालं की ते स्वतःची खुर्ची जिन्यावरून उचलून वर आणायचे. बरोबर फुलस्केप कागद. मी पात्राचं नाव, चेहरा ठरवायचो, त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. पूर्वायुष्याच्या चौकटी आल्या की म्हणायचे, "थांबा." आणि मग दोन-दोन रविवार आम्ही त्या एका पानावर अडकायचो. ठरलं की ते पात्राचा जबाब लिहायचे. अगदी सरकारी थाटात. एक अजून पाठ आहे मला:

"मी दगडू खंडू, वय बत्तीस, धंदा चोरी, राहणार काळा डोंगर, आज रोजी समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी अनाथ असून मला देवळातील पुजाऱ्यांनी लहानाचे मोठे केले. सदर पुजारी चोर असल्याची मला कल्पना नव्हती. कल्पना आली तेव्हा मीही शिकलेलो होतो. सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

खाली दगडूच्या वतीने मला सही करावी लागली. नाही म्हणायची सोय नव्हती, लाईटबिल त्यांच्या नावावर होतं.

आणि खेळ? खेळ त्यांनी कधी बघितलाच नाही. पात्र तयार झालं, गाव दिसलं, आकाशात ड्रॅगन घिरट्या घालायला लागला की भाऊसाहेब खुर्ची उचलायचे. म्हणायचे, "पुढचं पोलीस बघतील." मी डोक्याला हात लावायचो. लोक जो खेळ शंभर-शंभर तास खेळतात त्यातली पहिली पाच मिनिटं या माणसाने वर्षभर पुरवली.

त्यांची आवडनिवड ठरलेली होती. राजपुत्राचा त्यांना मनस्वी राग. "राज्य बुडालं म्हणतो, कागद जळाले म्हणतो. रेकॉर्ड जळालं सांगणारे मी पोत्याने बघितलेत. याला दाखला कोण देणार?" त्यांचा लाडका एकच, घरातून पळालेला. त्याची देणगी म्हणजे त्याला सगळे रस्ते ठाऊक, आणि डाग म्हणजे घरचे विश्वास ठेवत नाहीत. भाऊसाहेब म्हणायचे, "हा डाग बरा. परत आला की निम्मा जातो. बाकीचा राहतो, पण माणूस उघड्यावर फिरू शकतो." फिरून फिरून ते त्याच्यावरच येऊन थांबायचे.

माझी निवडही ठरलेली होती. नववी चौकट. 'ज्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली.' देणगी अशी की तुम्हाला अंधारात कोणी पाहू शकत नाही. डाग असा की कुठल्याही गावात शिरलात की कुत्री भुंकतात. माझी पाळी आली की मी तीच चौकट दाबायचो. चौथ्यांदा दाबली तेव्हा भाऊसाहेबांनी विचारलं, "तुम्ही दुसरं काही का घेत नाही?"

"लपता येतं ना, भाऊसाहेब. खेळात फायदा असतो."

"आणि कुत्र्यांचं काय?"

"भुंकू देत. खेळातली कुत्री ती."

त्या दिवशी त्यांनी जबाब लिहिला नाही, खुर्ची घेऊन खाली गेले. मला वाटलं, जेवण जड झालं असेल.

आता लपवण्यात अर्थ नाही. माझ्या आधीच्या कंपनीत एक ऑपरेटर होते, पन्नाशीचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. रिअ‍ॅक्टरवर त्यांची ड्यूटी, आणि दर दोन तासांनी सॅम्पलची बाटली भरून ते लॅबमध्ये आणून द्यायचे. मी ती तपासून आकडा कळवायचा, मग ते पुढचं करायचे. एका दुपारी त्यांनी बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी मोबाईलवर खेळत होतो. होय, असलाच खेळ. म्हटलं पाच मिनिटांनी बघतो. तासाभराने बघायला उठलो तोवर सगळी बॅच वाया गेली होती. चौकशी बसली. साहेबांनी मला विचारलं, सॅम्पल आलं होतं का? मी म्हटलं, नाही. एवढा एकच शब्द. बाटली मी आधीच बेसिनमध्ये ओतली होती. मामांना कामावरून काढलं. ते माझ्याकडे बघत बाहेर गेले आणि सहा महिन्यांत मीही ती कंपनी सोडली. मामा पोलादपूरकडचे, घाटाच्या बाजूचे, एवढंच मला माहीत होतं. त्या रस्त्याला मी कधी पाऊल टाकलं नाही. मित्र त्याच रस्त्याने महाबळेश्वरला निघाले की मी रजा नाही म्हणून सांगायचो.

आणि स्थळ आलं ते नेमकं पोलादपूरचं. मुलीचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मुलगी तिथल्याच बाजारात एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट. फोटो बघितला, पत्रिका जुळली, आमच्या घरी सगळे खूश. आमच्याकडे पुढची पायरी म्हणजे चौकशी. मुलीकडची माणसं न सांगता येतात. मुलगा ड्यूटीवर असताना कंपनीच्या गेटवर विचारतात, चहाच्या टपरीवर विचारतात, आणि शेवटी घरमालकाला विचारतात. पितो का, खोलीवर कोण येतं-जातं, रागीट आहे का. सगळीकडे उत्तर ठरलेलं असतं, मुलगा सोन्यासारखा. मी भाऊसाहेबांना जाऊन सांगितलं, पोलादपूरचं स्थळ आहे, लग्न होणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, तेवढं चांगलं सांगा. ते म्हणाले, "बघतो."

बघतो म्हणणाऱ्या तलाठ्यावर विश्वास ठेवू नये, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आईचा फोन झाला त्या संध्याकाळी मी तावातावाने खाली गेलो. भाऊसाहेब ताटात भिजवलेले वाल घेऊन सोलत बसले होते, बिरड्यासाठी. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही हे काय सांगून बसलात? मी कधी पळालो?"

"नाही पळालात."

"मग?"

"गुरुजींना मी तुमचे गुण सांगितले. वेळेवर येता, पीत नाही, पाण्याचा नळ आठवणीने बंद करता. मग ते म्हणाले, दोष काय? मी काय, रकाना रिकामा ठेवू? रिकाम्या रकान्याखाली मी जन्मात सही केलेली नाही."

"म्हणून खोटं सांगायचं?"

"त्यातल्या त्यात बरा डाग दिला तुम्हाला. माझ्या आवडीचा." आणि ते शांतपणे वाल सोलायला लागले.

मला हसावं की रडावं ते कळेना. त्या एवढ्याशा बाजारपेठेत आता माझं नाव हॉटेलात भांडी घासणारा म्हणून गेलं होतं, आणि ते या माणसाने खेळातल्या चौकटीतून उचलून माझ्या कपाळावर चिकटवलं होतं. मी रात्रभर तळमळलो. सकाळी समजलं की मुलीकडून निरोप आलाय, रविवारी बघायला या.

मी गेलो. गुरुजींचा चेहरा कडू कारलं खाल्ल्यासारखा. पोहे झाले, चहा झाला. मग मुलगीच म्हणाली, मला यांच्याशी जरा बोलायचंय. आम्ही मागच्या पडवीत जाऊन उभे राहिलो. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"परत का आलात?" ती म्हणाली.

"कुठून?"

"पळून गेला होतात ना? बाबा नकोच म्हणत होते. मी म्हटलं, आधीची तीन स्थळं चौकशीत सोन्यासारखी निघाली, आणि त्यातला एक नंतर दारू पिऊन गटारात सापडला. याचं निदान काहीतरी कळलंय. तर परत का आलात, एवढंच सांगा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण खरं सांगितलं तर भाऊसाहेब खोटे ठरतात, आणि ते खोटे ठरले की त्यांनी सांगितलेले माझे गुणही बुडतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि ती समोर उभी राहून माझ्याकडे इतकं सरळ बघत होती की मला तिथून हरायचं नव्हतं. मी म्हटलं, "गणपती आले होते. भांडी घासताना वाटलं, आता घरी आरती चालू असेल. निघालो."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "बरं केलंत," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी पडवीच्या खांबाकडे बघत उभा राहिलो. लाज वाटली, तरी गप्प बसलो, हेही सांगून टाकतो.

होकार आला. मी पेढे घेऊन भाऊसाहेबांकडे गेलो. तुमचा डाग फळाला आला, म्हटलं, आणि पडवीतला सगळा किस्सा रंगवून सांगितला. वाटलं होतं, खूश होतील. त्यांनी पेढा ताटलीत परत ठेवला.

"तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय म्हणणार?"

"अहो, मी तुम्हाला जागा करून दिली होती. ती विचारणार, हे उघड होतं. तुम्ही म्हणायचं होतं, मी पळालो नाही, घरमालक खोटं बोलला, माझं खरं वेगळंच आहे. मी खोटा ठरायला बसलो होतो इथे. माझं काय बिघडणार होतं? मी रिटायर झालोय."

"माझं खरं कुठलं?"

"चार वेळा निवडलंत ते."

हातातला पेढ्याचा पुडा मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. ततपप करत काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "मला सांगू नका. तिला सांगा. लग्नाआधी सांगितलंत तर कबुली होते. नंतर कळलं तर सापडलात म्हणतात. लोकांचे जबाब घेण्यात माझा जन्म गेला, एवढा फरक मला कळतो."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. भयंकर राग आला होता. कोण हा माणूस, माझ्या खेळात नाक खुपसणारा? मग चौथ्या दिवशी रजा टाकली आणि पोलादपूरला गेलो.

दुपारची वेळ, मेडिकलमध्ये ती एकटी. मी काउंटरपाशी उभा राहून सगळं सांगितलं. मध्ये मध्ये गिऱ्हाईक यायचं. कोणाला खोकल्याचं औषध, कोणाला बाळाची पावडर. ती देऊन यायची आणि म्हणायची, "मग?" मी पळालो नव्हतो, हे ऐकून तिने फक्त ओठ आवळले. सॅम्पलच्या बाटलीचं सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली.

बराच वेळ ती गोळ्यांच्या पाकिटांची चळत सारखी करत राहिली. मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो.

"ते मामा आता कुठे असतात?"

"माहीत नाही. घाटाकडचे आहेत."

"इतक्या वर्षांत बघितलं पण नाहीत?"

मी काउंटरच्या काचेवर बोट घासत राहिलो.

"आधी त्यांच्याकडे जाऊन या," ती म्हणाली. "मग बाबांना तारीख काढायला सांगायची की नाही, ते मी ठरवीन." ती आज माझी बायको आहे, पण त्या क्षणी तिच्या आवाजात असलं काही नव्हतं. एखाद्या अनोळखी पेशंटशी बोलावं तशी ती बोलत होती.

मामा सापडायला अर्धा तास पुरला. बाजारात दोघांना विचारलं तर दोघांनीही तोच पत्ता दिला. महाबळेश्वरच्या रस्त्याला, घाट लागायच्या आधी, एका वळणावर पंक्चरचं दुकान. वर पत्रा, बाहेर टायरांची रास. मामा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. केस पार पांढरे झालेले. दुकानाबाहेरचं कुत्रं मला बघून उठलंसुद्धा नाही. मामांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि पुन्हा ट्यूबकडे बघायला लागले.

मी उभ्या उभ्याच बोललो. बाटली आली होती. मी खोटं बोललो होतो. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. पाठ करून आणलेली आणखी तीन-चार वाक्यं होती, ती तशीच राहिली. मामांनी ट्यूबवर खडूने खूण केली.

"म्हातारा आलेला तुझा," ते म्हणाले.

"कोण म्हातारा?"

"पांढऱ्या शर्टाचा. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं. जुन्या कंपनीच्या गेटवर तुझ्या वेळंला कुणाला काढलं ते विचारलान, मग माझा पत्ता काढलान. इथं बसला, ह्या टायरावर. म्हणाला, तुमच्या त्या लॅबवाल्या पोराचं पोलादपुरात लग्न जमतंय. मुलीकडचे मला विचारायला येतील. खरं सांगायचा हक्क तुमचा हाय, तर काय सांगू ते तुम्ही सांगा."

बघतो, असं म्हणाले होते ते. बघून आले होते. आणि स्वतःला सगळं ठाऊक असून, मला सांगू नका म्हणाले होते.

"मग तुम्ही काय म्हणालात, मामा?"

मामांनी ट्यूब टबातून काढली आणि फडक्याने पुसायला घेतली. "मी म्हटलं, ह्यातलं काय बोलू नका. दुसरं कायतरी सांगा, पण हे नको. माझ्या पोरीचं जमत आलेलं तेव्हा. चौकशीला माणसं आली आणि कुणीतरी सांगितलान, बापाला कामावरनं काढलाय. मोडलं. आठ दिवस पोरगी जेवली नाय. तेव्हा घरात काय व्हतं ते मला म्हायती हाय रे. तुझ्या आईनं काय केलेलं माझं?"

डोळे भरून आले, आणि रडायचा हक्कही आपल्याला नाही हे कळत होतं, म्हणून मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक ट्रक घाटाकडे गेला.

"म्हातारा म्हणाला, पोरगा तुमच्याकडं येईल," मामा मागून म्हणाले. "मी म्हटलं, नाय येणार. पैजच लागली आमची." त्यांनी पायाने एक टायर माझ्याकडे सरकवला. "बस आता."